कविता मुलीची, परवानगी कुणाची?

३ जानेवारी जवळ आली की शाळाशाळांतून मुलींचं कवितावाचन ठरतं. पालकांनाही बोलावतात. सावित्रीबाईंच्या जयंतीला हे शोभून दिसतं. शिकवण्यापायी १८४९ मध्ये ज्यांना सासरचं घर सोडावं लागलं, त्या शिक्षिकेचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्ये निघाला. पण वाचनाची वेळ पाहा: सकाळी अकरा. घाटकोपरच्या वस्त्यांमधल्या कितीतरी आया त्या वेळी पंतनगर, गारोडिया नगरात धुणीभांडी करत असतात. खाडा केला तर बोलणी खावी लागतात, पैसेही कापले जातात. मग वर्गात दोनचार वडील, एखादी आजी, आणि वर शेरा की पालकांना आस्था नाही. आमच्या गटाने रविवारी दुपारचा आग्रह धरला. वर्गाच्या किल्लीसाठी तीन खेपा झाल्या, पण बाया आल्या. धाकटी पोरं कडेवर घेऊन आल्या.

हा सोपा भाग झाला.

मुलींना स्वतःची कविता लिहायला सांगा. आधी पाऊस येतो, झाड येतं. दोनतीन तासिका गेल्या की दुसरं येऊ लागतं. मोरीला कडी नाही. भाऊ क्लासला आणि मी पाण्याच्या रांगेत. बाप पिऊन आला की अंथरुणं कुठे सरकवायची. कार्यक्रमाआधी वह्या तपासल्या जातात आणि नेमकी हीच पानं गळतात. 'घरचे समोर बसणार, बरं दिसत नाही.' असं म्हणणाऱ्या बहुतेक बायाच असतात, आणि त्यांची काळजी खोटी नसते. संध्याकाळी मार बसला तर तो मुलीला नाहीतर तिच्या आईला बसतो.

तरीही ही छाटणी मला मान्य नाही. आणि मैत्रिणींनो, आपल्यातल्या काहीजणी उलट टोकाला जातात, तेही नाही. 'वाच गं, घाबरू नकोस' म्हणत तिला पुढे ढकलायचं, टाळ्या वाजवून आपण रिक्षाने घरी जायचं, आणि रात्री ती एकटी. किंमत तिने मोजायची तर निर्णयही तिचाच हवा. म्हणून आमच्याकडे प्रत्येक मुलीच्या हातात दोन कविता असतात. समोर कोण बसलंय हे पाहून कुठली वाचायची ते ती ठरवते. यादीत फक्त नावं, शीर्षकं नाहीत. आठवीतल्या एकीने वडील दारात दिसताच पावसाची कविता वाचली. दुसरी तिने मग मैत्रिणींनाच ऐकवली. ठीक आहे. आठवड्याच्या आत एखादी कार्यकर्ती त्या घरी 'सहज' म्हणून डोकावते. एवढं करायला माणसं नसतील तर हा कार्यक्रम घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. घरच्यांना नुसतं ऐकायला का बोलवायचं? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी कविता उतरवून घेतल्या म्हणून त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, पुस्तक तरी निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आणि इथे घाटकोपरात तर रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ च्या पोलीस गोळीबारात तिथे दहा माणसं गेली, आणि चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडला आपलं आयुष्य संपवलं. इथली मुलं भीमगीतं ऐकत वाढतात. त्यांना कविता म्हणजे फक्त पाठ्यपुस्तकातली, असं कसं सांगणार?

आम्ही एका आजीला पुढे बोलावलं. तिने सासुरवासाच्या ओव्या म्हटल्या. नवऱ्याचा मार, सासूचं उपाशी ठेवणं, सगळं त्यात होतं. वडीलमंडळींनी माना डोलावल्या. जुनं म्हणून चालून गेलं! नातीने तेच वहीत लिहिलं तर मात्र बरं दिसत नाही.

तेव्हापासून आमच्या वाचनाची सुरुवात आजीच करते. मग मुली. त्यानंतर कुणाला हरकत घ्यायचीच असेल तर आधी आजीची घ्यावी लागते, आणि अजून तरी कुणी घेतलेली नाही.

शाळेशी बोलणी मात्र दिवाळीनंतर लगेच सुरू करा. रविवारसाठी वर्ग मिळायला फार वेळ जातो.