काम सुटलं, भत्ता कोणाला?

अकोला एमआयडीसी किंवा नांदगाव पेठेत काम सुटलं की आपली पोरं थेट पुण्याची गाडी धरतात. बेरोजगारी भत्त्याचा अर्ज करावा हे फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही.

ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. २०२० मध्ये भत्ता सरासरी पगाराच्या २५ वरून ५० टक्के झाला. काम सुटल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो, मालकाच्या हातून अर्ज पाठवावा लागत नाही. १२ हजार पगारावर ९० दिवसांचे सुमारे १८ हजार होतात. पण आयुष्यात एकूण ९० दिवसच.

खरी मेख अटींत आहे. किमान दोन वर्षं विमा आणि ठरावीक काळात ७८ दिवसांची वर्गणी हवी. ठेकेदाराने पगारातून कापलेले पैसे भरलेच नाहीत, तर कामगार दाव्यातच अडकतो. वऱ्हाडातला जिनिंग-प्रेसिंगचा मजूर तर दारातच अडतो. १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते बाहेरच ठेवले. कापसाच्या पट्ट्यात कापसाचाच कामगार विम्याबाहेर!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कामगार विम्याची आखणी त्याच काळात झाली. त्यांची जयंती धूमधडाक्यात करणाऱ्या मंडळांनी दोन कामं घ्यावीत: विहारात दर रविवारी पोरांचे विमा क्रमांक आणि वर्गणीची नोंद तपासणं, आणि जिनिंग कामगारांना विम्यात घेण्याची मागणी खासदारांपुढे लेखी मांडणं. संघटित व्हा याचा आजचा अर्थ हाच.

जय भीम!