टाचेला जिद्द कळत नाही

मुंबई मॅरेथॉनचे वेध लागले की फोनवर एक ठरावीक रील फिरायला लागतं. टाचेला निळी टेप गुंडाळलेला हौशी धावपटू, मागे चढत जाणारं संगीत आणि खाली ओळ: सगळे नको म्हणाले, मी थांबलो नाही. शेवटी दातांत धरलेलं पदक. आपण बदाम टाकून पुढे सरकतो. तीच टाच मार्च महिन्यात कशी आहे, हे सांगणारं रील कधीच येत नाही.

माझं म्हणणं असं की हे जिद्दीचं पुराण हौशी धावपटूंच्या मुळावर उठलंय. आणि त्यावर उतारा म्हणून घरातून, ऑफिसातून जो सल्ला मिळतो, ‘बास झालं धावणं, आता आराम कर’, तोही फारसा कामाचा नाही. दोन्हीकडे आळस एकच: जे दुखतंय त्याच्याकडे नीट बघायचंच नाही. एक म्हणतो मन घट्ट कर, दुसरा म्हणतो हौस आवर. टाचेबद्दल कुणीच बोलत नाही. म्हणून आधी टाचेबद्दल बोलू.

टाचेच्या मागे, बुटाच्या कडेच्या जरा वर, चिमटीत पकडता येते अशी जाड दोरी असते. ती अकिलीस. डॉक्टरी मराठीत कंडरा. आपण तिला नुसतं ‘शीर’ म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो, कारण रक्तवाहिनीलाही आपण शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही. मग ‘शीर आखडलीय, चोळली की मोकळी होईल’ असं वाटतं. खरं तर ही पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी बांधणारी दोरी आहे. ग्रीक कथेमुळे ती वीराचं मर्मस्थान म्हणून गाजली, पण शरीरातली सर्वांत जाड आणि मजबूत कंडरा हीच. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ पट ताण येतो. ७० किलोच्या माणसाचा हिशोब करा: प्रत्येक पावलाला चारशे ते साडेपाचशे किलो.

मजबूत आहे, पण मंद आहे. स्नायूच्या मानाने तिला रक्तपुरवठा कमी. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्याचा माग घेऊन डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे त्याची फारशी नव्याने बांधणी होत नाही. म्हणजे तिशी-चाळिशीत तुम्ही जिच्या भरवशावर धावता, ती दोरी बारावीच्या आसपासच विणून झालेली असते. तिला तुमच्या रेसची तारीख माहीत नसते.

तिचं दुखणंही फसवं. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं लंगडत. मग धावायला निघालात की पहिल्या दोन किलोमीटरमध्ये दुखणं विरघळतं. इथेच जिद्दवाले म्हणतात, ‘बघ, शरीर तयार होतं, मनच घाबरत होतं.’ शरीर काहीही म्हणालेलं नसतं. अंग गरम झालं, एवढंच. त्या धावण्याचं बिल दुसऱ्या दिवशी सकाळी येतं, आणि ते बघायला ग्रुपमधलं कुणी हजर नसतं.

आता आरामवाले. सहा आठवडे पाय वर करून बसलात तर दुखणं कमी होतं, यात खोटं काही नाही. पण ज्या कंडरेवर ताणच येत नाही तिची ताण पेलायची कुवतही घटते, पोटरी बारीक होते. सातव्या रविवारी माणूस आनंदाने दहा किलोमीटर धावतो आणि सोमवारी पुन्हा लंगडतो. दोन-तीनदा असं झालं की तो बूट माळ्यावर टाकतो आणि ‘माझी शीरच कमजोर’ म्हणत उरलेलं आयुष्य काढतो. या घाऊक निवृत्तीची नोंद कुठेही होत नाही. माझा राग खरा त्यावर आहे.

यातून वाट काढणारा माणूस स्वतः हौशी धावपटू होता. हाकान आल्फ्रेडसन, उत्तर स्वीडनमधल्या उमेओचे अस्थिशल्यविशारद. नव्वदच्या दशकात त्यांची अकिलीस दुखायला लागली. शस्त्रक्रिया करा म्हणून ते आपल्या वरिष्ठांकडे गेले, वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी ठरवलं, दुखणं इतकं वाढवायचं की शस्त्रक्रिया करावीच लागेल. पायरीच्या कडेवर उभं राहून ते टाच खाली सोडत राहिले, दुखलं तरी. कंडरा तुटली नाही. दुखणंच गेलं.

ही गोष्ट जिद्दवाल्यांच्या हाती लागली तर ते लगेच म्हणतील, बघा, वेदनेवर मात! थांबा. आल्फ्रेडसननी पुढे काय केलं ते महत्त्वाचं. त्यांनी त्याचं गणित मांडलं. पायरीवर चवड्याने उभं राहायचं, चांगल्या पायाच्या जोरावर टाचा उचलायच्या आणि दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच सावकाश खाली सोडायची. १५ वेळा, तीन फेऱ्या. गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं झालं की पाठीवर वजन. १९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवरचा अनुभव छापला: सगळे पूर्वीसारखे धावू लागले. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या १५ जणांना विश्रांती, गोळ्या, बूट बदलणं अशा नेहमीच्या उपचारांनी गुण आला नव्हता. त्यांची अखेर शस्त्रक्रिया झाली.

तीस माणसांचा छोटा अभ्यास. तो ब्रह्मवाक्य नाही, आणि पुढच्या संशोधनाने त्यात दुरुस्त्या केल्याच. डेन्मार्कमध्ये २०१५ साली दिसलं की आठवड्यातून तीनदा जड वजनाने, संथ केलेला व्यायामही तेवढाच गुण देतो. दुखणं अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली सोडू नये, सपाट जमिनीवरच व्यायाम करावा. काहींचं दुखणं वर्षभर रेंगाळतं, काहींचं पूर्ण जातही नाही. स्वीडनमधल्याच २००७च्या एका अभ्यासात व्यायाम करताना धावणं चालू ठेवलेले आणि सहा आठवडे धावणं थांबवलेले, दोन्ही गट सारखेच सुधारले. अट एकच होती: दुखणं दहापैकी पाचाच्या वर जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्या सकाळपर्यंत ते ओसरलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. मोजमाप बघा. यात ‘थांबू नकोस’ही नाही आणि ‘सोडून दे’ही नाही. पायाला रोज विचारायचं आणि त्याचं उत्तर मानायचं.

मग हे सगळ्यांना माहीत का नाही? पायरी विकता येत नाही म्हणून. टेप विकता येते, मसाज गन विकता येते, कार्बन प्लेटचे बूट विकता येतात. रेसच्या आधी ‘एक इंजेक्शन मारून घे’ म्हणणारेही भेटतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण कंडरा कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो. आणखी एक गोष्ट ग्रुपवर कुणी सांगत नाही: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक्समुळे अकिलीसला इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ सालीच त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे पोट बिघडलं की केमिस्टकडून याच गोळ्या आणून माणूस रविवारी धावायला हजर.

यावर एक रास्त आक्षेप येईल. जिद्दच नसेल तर रोज दोनदा पायरीवर १२ आठवडे उभं कोण राहील? कबूल. पण त्या गुणाला मराठीत चिकाटी म्हणतात. तिला प्रेक्षक लागत नाहीत. सकाळी आठची लोकल पकडण्याआधी जिन्यात उभं राहून मोजलेल्या टाचांचं रील होत नाही. व्यावसायिक खेळाडूच्या मागे फिजिओ असतो, त्याचं धावणं हीच त्याची नोकरी असते. हौशी माणसाकडे असतो फक्त जिना आणि वीस मिनिटं. त्याला ‘मन खंबीर कर’ असं सांगणं म्हणजे त्याच्याकडे जे आहे तेही वाया घालवणं.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. रेस भरवणाऱ्यांनी दुखापत झालेल्याचा प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलू द्यावा; भरलेले पैसे बुडतात म्हणून अनेक जण लंगडत सुरुवातीच्या रेषेवर येतात. धावण्याच्या ग्रुपांनी आठवड्याच्या किलोमीटरची यादी लावणं बंद करावं. साताऱ्याची हिल मॅरेथॉन जवळ आली म्हणून दोन आठवड्यांत एकदम घाट चढायला लावू नये. चढावर टाच खाली राहते आणि कंडरा जास्त ताणली जाते. आणि न धावलेल्या रेसबद्दल कुणी लिहिलं तर त्यालाही बदाम टाकावा.

धावता धावता टाचेवर मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नाही आणि चवड्यावर उभं राहता येत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे पायरीचा व्यायाम चालत नाही, कंडरा तुटलेली असू शकते. बाकी दुखण्यासाठी फिजिओला एकदा दाखवा, तो सांगेल तेवढं वजन घ्या आणि रोज सकाळची पहिली दहा पावलं कशी गेली ते वहीत लिहा. जानेवारीत रेस आहे की नाही, ते ती वहीच सांगेल.