मलकपेठेत पिकलबॉल लीग: साखळीच बरी
मुंबईच्या सुनील वालावलकरांनी पिकलबॉल भारतात आणले. एप्रिल २०२५मध्ये केंद्राने मान्यता मात्र त्यांच्या २००८च्या संघटनेला नव्हे, नव्या संघटनेला दिली. जुन्या संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. आपल्या मलकपेठेतल्या हौशी लीगने त्यासाठी कशाला थांबायचे? बॅडमिंटनच्या दुहेरीचे ४४ बाय २० फुटांचे कोर्ट चालते. जाळी तेवढी मध्यभागी ३४ इंचांवर उतरवायची.

खरा प्रश्न सामन्यांचा. बाद पद्धतीत पहिल्याच फेरीत निम्मे घरी जातात, आणि ते बहुधा साठीतले काका नि नुकत्या शिकलेल्या वहिनी! सहा जोड्यांच्या साखळीत १५ सामने होतात, प्रत्येक जोडीला पाच. ११ गुणांचा एकच गेम ठेवला, तर एका कोर्टावर रविवारची सकाळ पुरते.