तयार मायना

दरवर्षी श्रावण लागला की संपादकांचे पत्र येते. ‘सालाबादप्रमाणे यंदाही आपला लेख दिवाळी अंकासाठी हवा आहे,’ अशी प्रेमळ सुरुवात, मधे विषयाची पूर्ण मोकळीक, आणि शेवटी मुदतीची तारीख. यंदाही ते आले. वरची तारीख बरोबर होती, माझे नाव बरोबर होते. शेवटच्या ओळीत अंकाचे साल मात्र गेल्या वर्षीचे राहून गेले होते!

हसण्यासारखी गोष्ट खरी. पण मी हसलो नाही. हसण्याचा अधिकार मी गेल्या पावसाळ्यातच गमावून बसलो आहे. तो कसा, ते शेवटी सांगतो.

संपादकांनी काय केले असेल, ते चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. संगणकावर गेल्या वर्षीचे पत्र उघडले, तारीख बदलली, नाव बदलले आणि पाठवून दिले. आपण सारे हेच करतो. सोसायटीची नोटीस, शाळेतल्या रजेचा अर्ज, बँकेला लिहायचे पत्र, सत्यनारायणाचे आमंत्रण; काहीही असले तरी आपण कोऱ्या पानाकडे जात नाही. जुने काहीतरी शोधतो आणि त्याची डागडुजी करतो.

मी कर्जतला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमची निम्मी मुले खोपोलीच्या गाडीने येतात. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी चिमुकली स्टेशने घेत ती गाडी येते, आणि ती चुकली की पुढच्या गाडीपर्यंत तासच बुडतात. त्यामुळे उशिराचे आणि गैरहजेरीचे अर्ज आमच्याकडे उदंड. एकदा एक चांगला सहा फुटी, मिशा फुटलेला मुलगा अर्ज घेऊन आला. अर्जाखाली त्याची झोकदार सही, आणि सहीच्या वर छापलेले, ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’! वर्गातल्या कुणा मुलीचा अर्ज फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला होता. नाव बदलायचे त्याने लक्षात ठेवले, पण मराठीत नावाबरोबर क्रियापदही बदलते, हे मात्र तो विसरला.

त्या दिवशी मी वर्गात व्याकरण बाजूला ठेवले आणि मुलांना मोदकाचा साचा समजावून सांगितला.

साच्यातून आपण मोदक काढतो. मोदक ताटात जातो, साचा जिथल्या तिथे शाबूत राहतो. पण गेल्या चतुर्थीचा उरलेला मोदक घ्यायचा, त्यातले सारण कोरून काढायचे आणि नवे भरायचे, असा उद्योग कोणी गृहिणी करील का? जुने पत्र उघडून त्यातले नाव बदलणे म्हणजे नेमके हेच. थोडे जुने सारण आत राहतेच. शिवाय घाईत त्याच नावाने जतन केले की जुने पत्रही हातचे जाते.

संगणकावर लेखनाच्या प्रत्येक चांगल्या साधनात असा साचा करण्याची सोय आहे. त्याला टेम्प्लेट म्हणतात. मी लिब्रेऑफिसचे रायटर वापरतो, कारण ते फुकट मिळते आणि प्राध्यापकाला परवडते. कृती सोपी आहे. एक कोरे पान घ्यावे. जे दर वेळी तेच असते, तेवढेच त्यावर लिहावे : आपला पत्ता, ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’, शेवटचे ‘कळावे’. मग ‘फाइल’ या यादीत ‘टेम्प्लेट्स’ आहे, त्यात ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’. तिथे त्याला नाव द्यावे आणि ‘माय टेम्प्लेट्स’ या कप्प्यात ठेवून द्यावे. पुढच्या वेळी त्याच यादीतून तो साचा उघडला की समोर येते ते एक नवे, बेनावाचे पान. त्यावर काहीही खरडा, साच्याला धक्का लागत नाही. वर्ड वापरणाऱ्यांनी ‘सेव्ह ॲज’ करताना प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडावा, की काम झाले.

आता अनुभवाचे चार बोल. पहिला तारखेचा. आपोआप बदलणारी तारीख घालण्याची सोय असते. दिसायला मोठी गोंडस, पण पत्रासाठी घातक! मार्चमध्ये लिहिलेले पत्र तुम्ही दिवाळीत उघडून पाहिलेत की ते खुशाल दिवाळीची तारीख दाखवते. मग तुम्ही अर्ज वेळेत दिला होता, हे कोणाला पटवणार? तारखेची जागा रिकामी ठेवावी आणि ती हाताने भरावी.

दुसरा रिकाम्या जागांचा. रायटरमध्ये ‘प्लेसहोल्डर’ नावाची सोय आहे. ‘येथे नाव लिहा’ अशी करड्या रंगाची पाटी पत्रात बसते, आणि तिच्यावर टिचकी मारून लिहू लागले की पाटी जाऊन नाव येते. कोऱ्या जागेपेक्षा ही पाटी बरी. भरायची राहिली, तर निदान डोळ्यांत खुपते.

तिसरा अक्षरांचा. जुन्या मराठी फाँटमध्ये केलेला साचा दुसऱ्याच्या संगणकावर गेला की त्याची अगम्य इंग्रजी अक्षरे होतात. साचा युनिकोड मराठीतच करावा. आणि मथळा, मजकूर, सही यांचे अक्षर दर वेळी वेगवेगळे रंगवत न बसता प्रत्येकाची ‘स्टाइल’ एकदा ठरवून द्यावी.

चौथा खास मराठीचा. ‘मी अर्ज करतो’ असे साच्यात घातले की मुलींची पंचाईत, ‘करते’ घातले की मुलांची. ‘अर्ज करीत आहे’ लिहावे, दोघांचेही भागते. तसेच ‘सौ.’ हे अक्षर साच्यात कधीही कायमचे घालून ठेवू नये. ते चुकीच्या दारी गेले, तर मागाहून क्षमा मागून भागत नाही.

हा उद्योग काही नवा नाही. यादवांच्या देवगिरीच्या दरबारातल्या हेमाद्रीच्या, म्हणजे आपल्या हेमाडपंताच्या, नावावर ‘मेस्तक’ म्हणून एक ग्रंथ सांगतात. लिहिण्याच्या रीती आणि मायने हाच त्याचा विषय. आमच्या आजोबांच्या पिढीला हे मायने मुखोद्गत असत. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांसारख्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, बरोबरीच्यांना ‘राजमान्य राजश्री’. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या शेवटी तर ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटे. मजकूर इथे संपला. याच्या खाली कोणी अक्षर वाढवू नये. साच्याला शेवट असावा लागतो, हे त्या काळच्या चिटणिसांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

आमच्या घरात छापील कागदांचे एक बाड होते. त्यावर ‘मु. पो. कर्जत, जि. कुलाबा’ असे छापलेले. १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले, पण कागद संपले नव्हते. बाबा कितीतरी वर्षे प्रत्येक कागदावरचा ‘कुलाबा’ खोडून वर बारीक अक्षरात ‘रायगड’ लिहीत. संगणकाच्या साच्यात हे एकदाच दुरुस्त केले की पुढची सारी पत्रे दुरुस्त निघतात. आधी निघालेल्या पत्रांतला मजकूर मात्र बदलत नाही. लिहून गेलेले ते गेले.

बाबा रेल्वेत होते. मी पुण्याला वसतिगृहात शिकायला होतो, तेव्हा दर पंधरवड्याला त्यांचे कार्ड येई. वर ‘॥ श्री ॥’, मग ‘चि. यास अनेक आशीर्वाद. येथील सर्व क्षेम, तुझे क्षेम कळवीत जावे.’ शेवटी ‘प्रकृतीस जपणे.’ मधे फक्त एक ओळ नवी. कधी ‘उल्हासला पूर आला होता’, कधी ‘तुझ्या आईने लोणचे घातले’. मित्र चेष्टा करीत, ‘तुझे वडील कार्डे छापून घेतात काय रे?’ मलाही तेव्हा ते कोरडे वाटे. पुढे कळले की बाबांना लिहिण्याचा सराव नव्हता. तो मायना नसता, तर ती एक ओळही आली नसती.

कर्जत स्टेशन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बँकर ठाऊक असेल. बोरघाटाचा चढ मोठा खडा, सदतिसास एक. पुण्याकडे जाणाऱ्या लांब गाड्यांना तो एका इंजिनाने पेलत नाही. म्हणून कर्जतला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिने लावतात, तीच बँकर. ती गाडीला ढकलत घाट चढवतात आणि चढ संपला की सुटतात. (आमचा बटाटेवडा जगप्रसिद्ध झाला, त्यात या थांब्याचा वाटा मोठा आहे!) पत्राचा मायनाही बँकरच. पत्रात सुरुवातीचाच चढ कठीण असतो, तेवढा तो चढवून देतो. पण घाटमाथ्यावर तो सोडावा लागतो, ही गोष्ट मी विसरलो.

गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. जवळच्यांना फोन झाले, बाकीच्यांना मोबाइलवर निरोप गेले. राहिले होते भुसावळचे काका. बाबांचे नोकरीतले सोबती. त्यांना ऐकू येत नाही, मोबाइल ते हातात धरत नाहीत. पत्र हाच एक मार्ग. त्यांची दृष्टीही अधू, म्हणून मोठ्या अक्षरात छापून पाठवावे असे मनात आले. मी संगणकापाशी बसलो आणि सवयीने ‘घरचे पत्र’ हा माझा साचा उघडला. त्यातले ‘आम्ही सर्व येथे खुशाल आहोत’ हे वाक्य आठवणीने खोडले. रडत रडत चार ओळी लिहिल्या, त्याही जपून, हळूहळू त्या बातमीकडे नेणाऱ्या. छापले, पाकिटात घातले, टपालात टाकले.

संध्याकाळी सौ.ने राहिलेली प्रत हातात घेतली आणि ती एकदम गप्प झाली.

“काय झालं?”

“अहो, वर श्री आहे.”

तरुण वाचकांना हे सांगायला हवे. अशुभ वार्तेच्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नाहीत. पूर्वी कार्ड हातात पडले की लोक आधी वर पाहत. ‘श्री’ दिसली की निःश्वास सोडून पुढे वाचत. नसली की मन घट्ट करून खाली बसत. त्या दोन रेघांमधल्या एका अक्षरावर सारे घर धीर एकवटत असे. आणि माझ्या साच्यात ती ‘श्री’ मी मोठ्या हौसेने पानाच्या डोक्यावरच्या पट्टीत, जिला हेडर म्हणतात तिच्यात, कायमची बसवून टाकली होती. मजकुराची ओळ न् ओळ मी पुन्हा वाचली होती, पण तिकडे डोळा गेलाच नाही. जे आपल्या हाताने लिहिले नाही, ते डोळ्यांना दिसत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसरे पत्र पाठवावे, तर त्यात लिहायचे काय? ‘वरचे श्री चुकून पडले’?

दहा-बारा दिवसांनी भुसावळहून कार्ड आले. थरथरत्या अक्षरात, आणि वर श्री नसलेले. त्यात लिहिले होते, “पत्र पावले. वर श्री पाहून बरे वाटले, म्हणून चष्मा पुसून, चहा घेऊन सावकाश वाचायला बसलो. त्यामुळे तुझे बाबा माझ्यापुरते दोन ओळी जास्त जगले. मनाला लावून घेऊ नकोस. आईला जप.”

मी ते कार्ड किती वेळा वाचले, ते सांगत नाही.

नंतर मी संगणक उघडला. माझ्या शिस्तप्रिय डोक्यात पहिला विचार आला, तो ‘अशुभ पत्र’ नावाचा दुसरा साचा करून ठेवण्याचा. सौ. मागे उभी होती. ती म्हणाली, “असल्या पत्राचा साचा करून ठेवायचा नसतो हो. ते ज्या त्या वेळी हातानंच लिहायचं.”

तिचे म्हणणे मला पटले. मी दुसरा साचा केला नाही. पहिल्यातच एक दुरुस्ती केली : हेडरमधली ‘श्री’ काढून टाकली. साच्यात काय घालावे, हे मी मुलांना पूर्वीही सांगत असे. काय घालू नये, तेही आता सांगतो. पत्ता घाला, विषय घाला, ‘कळावे’ घाला, कारण ते सर्वांना सारखेच असते. जे समोरच्या माणसाकडे पाहून ठरवायचे, ते मात्र साच्यात ठेवू नका.

आता घरचे पत्र उघडले की वरची जागा कोरी असते. ज्याला लिहायचे, त्याला मी क्षणभर डोळ्यांसमोर आणतो. मग दोन रेघा, श्री, पुन्हा दोन रेघा, अशी पाच अक्षरे हाताने टंकतो. वेळ लागतो फार तर पाच सेकंद.

संपादकांना मी अजून उत्तर पाठवलेले नाही. या लेखासोबतच ते जाईल. सालाच्या चुकीबद्दल त्यात एक अक्षरही नसेल. वर श्री मात्र असेल, आणि ती मी हाताने लिहिलेली असेल. तीच श्री आणि दिवाळीच्या शुभेच्छा तुम्हा सर्वांनाही, वाचकहो!