'सुजाता'ची बाजू कोणी मांडावी?

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींत जुन्या बोलपटांचा विषय निघाला, की 'सुजाता'चे नाव हटकून येते. बिमल रॉय यांचा हा १९५९ सालचा हिंदी चित्रपट. परंतु त्यात आपला वाटा मोठा. सुजाता झालेली नूतन ही शोभना समर्थांची कन्या; सांभाळणारी आई सुलोचनाबाई, बहीण शशिकला, सोवळेओवळे जपणारी म्हातारी ललिता पवार. या अभिमानास आमची हरकत नाही. पाठोपाठ 'अस्पृश्यांची बाजू पडद्यावर याहून चांगली कोणी मांडली?' असा जो सवाल येतो, त्यास मात्र आहे.

कथेची रचना पाहा. पटकीत आईबाप गेलेली अस्पृश्य मुलगी एका ब्राह्मण इंजिनियरच्या घरी वाढते. घरची लेक कॉलेजात जाते, ही घरकाम पाहते. परक्यांपुढे तिची ओळख 'लेकीसारखी' अशी होते. त्या 'सारखी'तला डंख बिमलबाबूंनी अचूक दाखविला, हे श्रेय त्यांचे. परंतु शेवट काय? आई जिन्यावरून पडते, सुजाताचेच रक्त तिला जुळते आणि मग 'सारखी' गळून पडते. इतरांस त्या घरात हक्काने राहण्यासाठी असली परीक्षा द्यावी लागली नव्हती. सुजाताने सोसावे, झिजावे, रक्त द्यावे. रागावण्याची मुभा मात्र तिला नाही.

हा दोष एकट्या आपला नव्हे. १९४८ साली मेक्सिकोत होसेलितो रोद्रिगेस यांनी 'आन्हेलितोस नेग्रोस' काढला. काळ्यांचा तिटकारा करणाऱ्या गोऱ्या स्त्रीच्या पोटी काळे मूल येते, आणि घरची काळी मोलकरीणच तिची जन्मदात्री निघते. चित्रपट वर्णद्वेषाविरुद्धचा, पण त्यातील काळी मुलगी उभी केली ती दिग्दर्शकाच्या स्वतःच्या लेकीच्या तोंडास रंग फासून!

'त्या काळी एवढेही पुष्कळ होते,' हा यावरचा ठरावीक जबाब. तो टिकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला होता. 'सुजाता'च्याच साली अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' प्रसिद्ध झाली: मातंग लेखकाने उभा केलेला मातंग नायक, कोणाचीही दया न मागणारा. तोच काळ, तीच मुंबई. सांगणारे होते, त्यांना विचारावयास कोणी गेले नाही. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' यावयास २०१३ साल उजाडावे लागले. त्यातील जब्या रक्त देत नाही. दगड भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकांच्या अंगावर येतो.

आम्ही राहतो त्या गोमती नगरात बाबासाहेबांचे भव्य स्मारक आहे. पाहुणे आले की आपण त्यांना दगडी हत्तींच्या रांगा दाखवितो आणि 'आमचे बाबासाहेब' असे मिरवितो. मग आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीत, व्यासपीठांवर आणि या मासिकाच्या पानांवरही त्यांच्या समाजातील नावे किती? आम्ही पडलो कारकून. हजेरीपट तपासणे हा आमचा पेशाच. हा पट एकदा सर्वांनी मिळून तपासावा. तूर्त एवढेच करावे: पुढील खेपेस 'सुजाता' लावाल तेव्हा 'फँड्री'ही लावा, आणि खेळ संपल्यावर पहिले भाषण आपल्यापैकी कोणी करू नये.