सेसिलियाने दोष स्वतःकडे का घेतला?

स्त्री-वैज्ञानिकांच्या गोष्टी आपण शिबिरांतून सांगतो त्या बहुधा जिद्दीच्या. सेसिलिया पेनची गोष्टही तशीच सांगितली जाते. मला त्यात जिद्दीपेक्षा पगाराचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

सेसिलियाचा जन्म १९०० सालचा, इंग्लंडमधला. शिकली केंब्रिजला, पण त्या विद्यापीठाने १९४८ पर्यंत बायकांना पदवीच दिली नाही. १९२३ साली ती अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेली. ताऱ्यांच्या वर्णपटांच्या हजारो काचा तिथे जमलेल्या होत्या. ॲनी जंप कॅनन आणि इतर बायकांनी तुटपुंज्या मजुरीवर वर्षानुवर्षे त्यांची वर्गवारी केली होती. मेघनाद साहांनी १९२० साली मांडलेलं सूत्र सेसिलियाने या वर्णपटांना लावलं. वर्णपटातली रेषा ठळक दिसली म्हणजे ते मूलद्रव्य जास्त, असं नसतं. ताऱ्याच्या तापमानावरही ते ठरतं. हा हिशेब केल्यावर ताऱ्यांत हायड्रोजन धातूंच्या सुमारे दहा लाख पट निघाला. तारे साधारण पृथ्वीसारख्याच घडणीचे आहेत, असं तोवर मोठमोठे शास्त्रज्ञ मानत होते.

त्यांतले एक, प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल, यांनी हे अशक्य असल्याचं कळवलं. मग १९२५ च्या प्रबंधात तिने स्वतःच लिहिलं की हायड्रोजनचे हे आकडे बहुधा खरे नसावेत. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर आले. त्यांनी तिच्या कामाचा उल्लेख केला हे खरं, पण श्रेय बराच काळ त्यांच्याकडेच राहिलं.

उतारवयात सेसिलियाने याचा दोष स्वतःकडे घेतला: आपण ठाम राहायला हवं होतं. मैत्रिणींनो, 'माझंच चुकलं' हे वाक्य आपल्या केंद्रांवर किती वेळा कानी पडतं! मला तिचं म्हणणं पटत नाही. पंचविशीतली, परक्या देशातली मुलगी. रसेलसारख्यांच्या एका शब्दावर नोकरी मिळायची किंवा जायची. अशा ठिकाणी ठाम राहण्याची किंमत कोण भरणार होतं?

पुढे ती तिथेच शिकवू लागली, पण तिच्या तासांची नोंद १९४५ पर्यंत विद्यापीठाच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत नव्हती. पगार निघायचा तो उपकरणांच्या खर्चातून. म्हणजे कागदोपत्री ती शिक्षिका नव्हतीच, दुर्बिणीच्या सुट्या भागांसारखी एक खर्चाची बाब! लग्न, तीन मुलं, हजारो ताऱ्यांची निरीक्षणं, हे सगळं याच काळातलं. प्राध्यापकपद मिळालं १९५६ साली, प्रबंधानंतर एकतीस वर्षांनी. त्याच सुमारास ती विभागप्रमुखही झाली. हार्वर्डच्या त्या विद्याशाखेत अंतर्गत बढतीने पूर्ण प्राध्यापक झालेली ती पहिली बाई.

'अखेर न्याय मिळाला' असं म्हणून इथे टाळ्या वाजवायचा मोह होतो. मी त्याऐवजी गटातल्या बायकांना विचारते: एकतीस वर्षांच्या पगारातला फरक कुठे गेला?