अलास्काला जरूर जा, पण डोळे उघडे ठेवून!

ज्या पिढीने बाबासाहेबांचा शिकण्याचा आदेश शिरोधार्य मानला, त्या पिढीची मुले-मुली आज सिएटल, सॅन होजे, व्हँकुव्हर, टोरांटो अशा शहरांत मानाने नोकरी करीत आहेत. बँक, रेल्वे, पोस्ट, जिल्हा परिषदेची शाळा येथून निवृत्त झालेले त्यांचे आईवडील उन्हाळ्यात मुलांकडे जातात आणि मुले हौसेने म्हणतात, "चला, अलास्काची क्रूझ करू." मग आम्हाला फोन येतात. "जयभीम वकीलसाहेब, थंडी सोसवेल का? जहाजावर काय मिळते? पैसे वाया तर जाणार नाहीत ना?" अशी विचारणा इतक्या जणांकडून होते की एकदाच सविस्तर लिहावे असे आम्हाला वाटले.

समाजापुढे एवढे ज्वलंत प्रश्न असताना बर्फातल्या सहलीच्या गप्पा कशाला, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. त्यांना आमचा सवाल आहे. जग पाहण्याचा हक्क कोणी कोणाला मक्त्याने दिला आहे काय? ज्या धर्मशास्त्रांनी समुद्र ओलांडणे कलियुगात वर्ज्य ठरवले, ती मानणारे आज टूर कंपन्यांच्या रांगेत सर्वांत पुढे उभे आहेत. बाबासाहेबांनी १९१३ साली समुद्र ओलांडला तो विद्येसाठी, आणि १९१७ साली परतताना वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके टॉर्पेडोच्या हल्ल्यात समुद्रात गेली. एवढी किंमत मोजून ज्यांनी आपल्याला जगाचा रस्ता मोकळा करून दिला, त्यांच्या लेकरांनी कष्टाच्या पैशाने चार दिवस आनंदात घालवले तर त्यात अपराध कसला? मात्र जायचे तर डोळे उघडे ठेवून जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रथम व्यवहाराचे. अलास्काच्या क्रूझचा हंगाम साधारण एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत असतो आणि सफर बहुधा सात दिवसांची असते. जहाजे सिएटल किंवा कॅनडातील व्हँकुव्हर येथून निघतात आणि केचिकान, जुनो, स्कॅगवे अशा बंदरांना लागतात. थंडीचा बाऊ करू नये. जून-जुलैत जुनोला दिवसा १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान असते, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यातील पहाटेसारखे. त्रास होतो तो वारा आणि पाऊस यांचा. केचिकानला वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरचा पाऊस याहून अधिक, पण तो चार महिन्यांत संपतो; तेथे तो बारमाही आहे. म्हणून एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट, असे थरावर थर घालावेत. जीन्स आणि सुती कपडे एकदा भिजले की लवकर वाळत नाहीत. कानटोपी, हातमोजे आणि न घसरणारे बूट हवेतच. हिमनदीसमोर जहाज थांबते तेव्हा बर्फावरून येणारा वारा हाडापर्यंत जातो. त्याच वेळी डेकवर उभे राहण्याची खरी मजा असते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा झोपेसाठी डोळ्यांवर पट्टी न्यावी.

बेटांच्या आडोशाने जाणाऱ्या जलमार्गात समुद्र शांत असतो. सिएटलहून निघणारी बरीच जहाजे मात्र व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात. तेथे जहाज हलते आणि पोट ढवळते, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्या सोबत ठेवाव्यात. जेवणाची ददात नसते, पण हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नये. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ झपाट्याने पसरते. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचे व्हिसा तपासून घ्यावेत आणि अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा असावा. सिएटलहून सुटून सिएटललाच परतणारे जहाजही वाटेत कॅनडातील एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबते. त्यामागे १८८६ सालचा अमेरिकी कायदा आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या दोन बंदरांमध्ये सरळ प्रवासी वाहतूक करता येत नाही, आणि बहुतेक क्रूझ जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांचा ध्वज लावतात.

या ध्वजाचे प्रकरण प्रवाशाने समजून घेतले पाहिजे. तिकीट म्हणजे केवळ जागेचा कागद नसून तो एक करार असतो, आणि तो आपण न वाचताच मान्य करतो. हवामानामुळे एखादे बंदर वगळण्याचा, मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनी त्यात राखून ठेवते. इजा झाल्यास दावा कोठे लावायचा हेही त्यात लिहिलेले असते. वॉशिंग्टन राज्यातील शूट नावाचे दाम्पत्य एका क्रूझवर गेले आणि बाई जहाजावर घसरून पडल्या. तिकिटावर दावा फ्लोरिडातच चालेल असे छापले होते. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट कायम केली. दाव्याची मुदतही करारात एक वर्षापर्यंत आखडता येते. सिएटलला बसलेल्या माणसाला मायामीला धावावे लागत असेल, तर वाशिम-नांदेडच्या माणसाने काय करावे? म्हणून करार मुलांकडून वाचून घ्या, वैद्यकीय विमा आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा विमा उतरवा. अमेरिकेतील दवाखान्याचे बिल आयुष्यभराची पुंजी खाऊन टाकू शकते.

आता जहाजावरच्या माणसांबद्दल. १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. क्रूझ जहाज हाही एक मनोराच आहे. वरच्या मजल्यांवर प्रवासी, आणि पाण्याच्या पातळीलगत, काही ठिकाणी त्याही खाली, खिडकी नसलेल्या खोल्यांत राहणारे कामगार. आपले अंथरूण नीट करणारे, ताटे विसळणारे, संडास साफ करणारे हात फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि भारत येथले असतात. त्यात गोवा, मुंबई, कोकण येथील मुले मोठ्या संख्येने असतात. फरक एवढाच की जहाजाला जिना आहे आणि हुशार मुलगा त्यावरून काही पायऱ्या चढतोही. जातीच्या मनोऱ्यात ती सोय नाही. पण कष्ट कष्टच आहेत. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचे कंत्राट आणि त्यात आठवड्याची सुटी नाही. अमेरिकेच्या बंदरात रोज ये-जा करीत असूनही परदेशी जहाजावरील खलाशांना अमेरिकेचा किमान वेतन कायदा लागू नाही.

कायदा अगदीच नाही असेही नाही. २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे. भारताने हा करार २०१५ साली मान्य केला. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून दलाली घेण्यास त्यात मनाई आहे. तरीही जमीन गहाण टाकून, आईचे डोरले विकून एजंटाला लाखो रुपये दिलेली आणि हाती बनावट नेमणूकपत्र पडलेली मुले आमच्याकडे कागद घेऊन येतात. आपल्या वस्त्यांतील तरुणांनी एवढे तरी करावे. मुंबईतील नौवहन महासंचालनालयाकडे एजंटाचा परवाना आहे की नाही ते आधी तपासावे आणि नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा पाऊल ठेवू नये. प्रवाशाने काय करावे? खोली साफ करणाऱ्याला नावाने हाक मारावी. प्रति माणशी रोज सोळा-सतरा डॉलर किंवा त्याहून अधिक टिप बिलात आपोआप लागते, ती काउंटरवर जाऊन रद्द करून आणण्याची फुशारकी काही भारतीय मंडळी मारतात, तिच्या नादी लागू नये. दुसऱ्याची घाण काढणाऱ्याचा पैसा कापणे आपल्या रक्तात नाही आणि ते नसावे.

तिसरी गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. टूरच्या जाहिरातीत अलास्का म्हणजे बर्फ, देवमासे आणि अस्वले. तेथे माणसे राहतात, हे जाहिरात सांगत नाही. दक्षिणपूर्व अलास्का ही क्लिंकिट आणि हैडा या आदिवासींची भूमी आहे. १८६७ साली अमेरिकेने रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेतला. जमीन ज्यांची होती त्यांना कोणी विचारले नाही. १८८२ च्या ऑक्टोबरात अमेरिकी नौदलाने अँगून हे क्लिंकिट गाव तोफांनी उद्ध्वस्त केले. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर घरे, होड्या आणि अन्नसाठा नष्ट झाला. नौदलाने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २६ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे १४२ वर्षांनी! उशिरा का होईना, राज्यसत्तेने आदिवासींपुढे मान खाली घातली. आपल्याकडे शतकानुशतकांच्या अपराधाची माफी कोणी आणि कधी मागितली?

ग्लेशियर बे हे या सफरीचे मुख्य आकर्षण. तेथे दिवसाला दोनच मोठी जहाजे सोडतात, ती धक्क्याला लागत नाहीत आणि पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात. अठराव्या शतकात वाढत्या हिमनदीने हूना क्लिंकिट लोकांची गावे गिळली. बर्फ मागे हटल्यावर ते परतू लागले, तर १९२५ साली सरकारने त्या परिसराला संरक्षित स्मारक केले आणि पुढे त्यांच्या शिकारीवर, पक्ष्यांची अंडी गोळा करण्यावरही बंदी आली. अंडी गोळा करण्याचा हक्क कायद्याने परत मिळाला तो २०१४ साली, आणि २०१६ साली तेथे त्यांचे सामुदायिक घर पुन्हा उभे राहिले. आपल्या मेळघाटातील माणसाला ही कथा अनुवादाशिवाय समजेल.

आणि जुनो! या राजधानीला बाहेरून रस्ता नाही. तेथे पाण्याने किंवा विमानानेच जाता येते. लोकसंख्या अवघी बत्तीस हजारांच्या आसपास आणि हंगामात येणारे क्रूझ प्रवासी सोळा लाखांच्या घरात. म्हणून २०२४ पासून तेथे दिवसाला पाचच मोठी जहाजे येऊ द्यायची, असा करार शहराने कंपन्यांशी केला. जवळची मेंडेनहॉल हिमनदी आटत चालली आहे, आणि वरच्या खोऱ्यात साठलेले पाणी एकाएकी सुटून २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे ऑगस्टात नदीकाठच्या वस्तीला पूर आला. आपण ज्या वितळणाऱ्या बर्फाचे फोटो काढतो, त्याचे पाणी कोणाच्या तरी घरात शिरते.

याच जुनोच्या परिसरात 'आदिवासींना प्रवेश नाही' अशा पाट्या हॉटेलांवर लागत. १९४१ साली एलिझाबेथ पेराट्रोविच या क्लिंकिट महिलेने आणि तिचे पती रॉय यांनी अशी पाटी पाहून गव्हर्नरला पत्र लिहिले. १९४३ साली विधेयक पडले. ती थांबली नाही. १९४५ साली सिनेटमध्ये एका सदस्याने आदिवासींच्या रानटीपणाचा उल्लेख केला, तेव्हा स्वतःला हजारो वर्षे सुसंस्कृत म्हणवणाऱ्यांना हक्कांची आठवण आम्ही करून द्यावी लागते, अशा अर्थाचे तिचे उत्तर प्रसिद्ध आहे. ११ विरुद्ध ५ मतांनी विधेयक संमत झाले आणि १६ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यावर सही झाली. अमेरिकेचा नागरी हक्क कायदा यायला त्यानंतर एकोणीस वर्षे लागली. पाच वर्षांनी आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव सर्वांना खुले केले. महाडचे पाणी आणि जुनोच्या हॉटेलचे दार, लढा एकच होता! १६ फेब्रुवारी हा दिवस अलास्कात एलिझाबेथ पेराट्रोविच दिन म्हणून पाळला जातो आणि २०२० साली तिची प्रतिमा अमेरिकेच्या एका डॉलरच्या नाण्यावर आली.

ज्या सिएटलहून जहाज सुटते, त्या शहराने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. नोकरी, घर आणि हॉटेलसारखी सार्वजनिक ठिकाणे त्याच्या कक्षेत येतात. हा कायदा करावा लागला, कारण जातही पासपोर्ट काढून तेथे पोचली. जेवणाच्या टेबलावर कोणी सहप्रवासी गोडगोड हसून "आपण मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालात?" असे खोदून विचारू लागला, तर मान खाली घालू नका. "आम्ही बौद्ध आहोत, बाबासाहेबांचे अनुयायी आहोत," असे ठणकावून सांगा आणि शांतपणे जेवा.

जाणाऱ्या बंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच आहे. हूना येथील आयसी स्ट्रेट पॉइंट हे बंदर तेथील आदिवासींच्याच कंपनीच्या मालकीचे आहे. जहाज तेथे थांबत असेल तर चार पैसे तेथे खर्च करा. वस्तू घ्यायची तर 'सिल्व्हर हँड'ची खूण असलेली, आदिवासी कारागिराने केलेली घ्या. केचिकानजवळ सॅक्समनला कोरीव खांब पाहताना ते देव नसून कुळांचा इतिहास आहे हे मुलांना सांगा. त्यात अलास्का विकत घेणाऱ्या मंत्र्याची, पाहुणचाराची परतफेड न केल्याबद्दल, लाज काढणारा खांबही आहे. परत आल्यावर विहारात वर्षावासाच्या कार्यक्रमात बर्फाचे फोटो जरूर दाखवा, पण त्याबरोबर एलिझाबेथची गोष्टही सांगा. आपल्या वस्तीतील एखाद्या मुलीला ती माहीत झाली, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू.

जयभीम!